कायमचे बंद

विक्रांत सेठी पहिल्यांदा ऑफिसात आला तो मिठाईचा डबा घेऊन, आणि टेकता टेकताच त्याने विचारलं, "मॅडम, इतनी अच्छी वेबसाइट बनवाई है, फिर कोई आता क्यों नहीं?"

नोएडाच्या त्या ऑफिसात हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारायचं आणि उत्तर द्यायचं काम अबोलीचं होतं. अबोली मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दिल्लीत आली त्याला सहा वर्षं झाली होती. दातांचे दवाखाने, ट्रकने सामान हलवणारे, शिकवण्या, असे नाना तऱ्हेचे लोक तिच्याकडे यायचे. त्यांच्या वेबसाइटवर माणसं कशी येतील ते ती बघायची. या कामात ती हुशार होती आणि ते तिला ठाऊकही होतं.

विक्रांतचा धंदा म्हाताऱ्या माणसांसाठी घरी राहणारे अटेंडंट पुरवण्याचा होता. नाव सेवाधाम होम केअर. अबोलीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि शोधून दाखवलं, आईसाठी बाई हवी, माझ्या जवळपास. सगळ्यात वर नकाशा आला आणि नकाशाखाली तीन नावं. प्रत्येकाला तारे, फोनचं बटण आणि वेबसाइटचं बटण. सेवाधामची वेबसाइट चौथ्या पानावर होती.

तिने त्याला समजावलं, की लोक या तीन नावांवरच थांबतात. ज्याला आज माणूस हवंय तो खाली उतरून वाचत बसत नाही. या यादीत तुमचं नाव आलं की वेबसाइटवर माणसं इथूनच जातील. आणि तोच पत्ता, तेच नाव जागोजागी दिसायला लागलं की वेबसाइट आपोआप वर सरकेल.

विक्रांतने मान हलवली. बोलणं मऊ, छातीवर हात ठेवून नमस्कार करायची सवय. मग त्याने नकाशावर बोट फिरवलं.

"तो जहाँ-जहाँ बुज़ुर्ग अकेले रहते हैं, वहाँ-वहाँ हमारा पता हो सकता है?"

"तिथे ऑफिस असेल तर," अबोली म्हणाली. "बोर्ड लागतो. व्हिडिओ काढून पाठवावा लागतो."

"बोर्ड लग जाएगा," तो म्हणाला.

अबोलीची साहेब कल्पना देशमाने, मूळची ठाण्याची. विक्रांत गेल्यावर तिने मिठाईचा डबा उघडला आणि म्हणाली, "मोठा क्लायंट आहे, अबोली. नीट सांभाळ."

एप्रिलच्या सुरुवातीला व्हिडिओ काढायला अबोली निघाली. विक्रांतने एक माणूस पाठवला होता. त्याच्या स्कूटरवर गुंडाळलेला फ्लेक्स होता आणि कमरेला चाव्यांचा जुडगा. त्याने आपलं नाव सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो शटरला टेपने फ्लेक्स चिकटवायचा. अबोली आधी रस्ता दाखवायची, मग गल्लीची पाटी, मग बोर्ड, मग किल्लीने उघडणारं शटर. आत एक टेबल आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. चार मिनिटांत टेप काढून दोघं पुढच्या जागी. खुर्च्या मात्र प्रत्येक ठिकाणी निराळ्या होत्या, आणि तेवढ्यावर अबोलीने मनाशी ठरवून टाकलं की जागा खऱ्याच आहेत, अजून सामान यायचंय.

चौथी जागा मुनिरकात होती. अरुंद गल्ली, वर वायरींचं जाळं, भाड्याच्या खोल्यांमधून उतरणारी विद्यार्थ्यांची गर्दी. तिथे उभी राहून ती नवऱ्याशी, पुष्करशी, फोनवर बोलत होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून आवाज आला.

"मराठी का, ताई?"

साठीतला, काटक, पांढऱ्या मिशीचा माणूस. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्याने तिला आत बोलावून बाकावर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. नाव मल्हारी जगताप, गाव खटाव तालुक्यात. फौजेत चोवीस वर्षं नर्सिंगचं काम केलं आणि सुभेदार होऊन इथल्याच कँटोन्मेंटमधून निवृत्त झाला. बायको गेल्यावर गावी परतायचं कारण उरलं नाही म्हणून इथेच राहिला. दुकानावर पाटी होती, 'जगताप रुग्णसेवा'. त्याचाही धंदा अटेंडंट पाठवण्याचाच.

त्याने तिला वही दाखवली. प्रत्येक बाईचा, प्रत्येक माणसाचा फोटो, गावचा पत्ता, पोलीस तपासणीचा कागद, अंगठा.

"दर तीन दिवसांनी मी स्वतः घरी जाऊन बघून येतो," तो म्हणाला. "पेशंटलाही बघतो आणि आमच्या बाईलाही. तिला जेवायला मिळतंय का, झोपायला जागा दिलीय का. ती नीट तर पेशंट नीट."

"जाहिरात करता का काका?"

"कसली जाहिरात. आमची मुलगी गिरिजा, लग्न होऊन लांब जायच्या आधी तिच्या फोनवरून नकाशात नाव घालून गेली तेवढंच. निम्मे फोन त्या नकाशातून येतात बघा. आपल्याला त्यातलं काही कळत नाही." मग बाहेर बोटाने दाखवून, "शेजारी काय उघडतंय?"

अबोलीने बाहेर पाहिलं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं त्यालाही वाचता येत होतं.

"ऑफिस होणार आहे," ती म्हणाली.

"आमच्याच लाइनीतलं दिसतंय. असू दे. दिल्ली मोठी आहे, ताई."

त्याने तिचा नंबर लिहून घेतला, कॉम्प्युटरचं काही अडलं तर विचारीन म्हणाला. ती बाहेर आली तेव्हा तो स्कूटरवाला माणूस टेप ओरबाडून फ्लेक्स गुंडाळत होता. मल्हारीकाका दारात उभे राहून ते बघत होते. अबोलीने मागे वळून पाहिलं नाही.

तीन आठवड्यांत सेवाधामच्या तेवीस नोंदी नकाशावर लागल्या. द्वारका, रोहिणी, गाझियाबाद, गुरुग्राम. वेबसाइटवर आधी दिवसाला चाळीस माणसं यायची, आता पाचशे येऊ लागली. आलेखाची रेघ चढत गेली आणि कल्पनाने तो आलेख मोठ्या स्क्रीनवर लावला. फक्त दक्षिण दिल्लीचा एक पट्टा हलत नव्हता. मुनिरका, आर. के. पुरम, लक्ष्मीबाई नगर, कुठूनही शोधलं तरी पहिलं नाव एकच यायचं. दोनशे चौदा लोकांनी त्या नावाखाली मनापासून चार ओळी लिहिल्या होत्या.

"ये एक नाम बीच में आ रहा है," विक्रांत फोनवर शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. ग्रुपवर कल्पनाचा मेसेज आला. एक लिंक, आणि खाली सूचना: सगळ्यांनी आपापल्या फोनवरून, बदल सुचवा, जागा बंद आहे, कायमची. ऑफिसात अकरा माणसं होती. अबोलीने लिंक उघडली. जगताप रुग्णसेवा, मुनिरका. खाली दुकानाचा फोटो, त्यात तो बाक आणि माठही दिसत होता.

"झालं का, अबोली?" कल्पना तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "यार, एक सेकंदाचं काम आहे."

"मी यांना भेटलेय. दुकान चालू आहे."

"मग तो परत चालू करेलच ना. अगं, लिस्टिंग आहे, माणूस नाही."

आजूबाजूच्या दोघांनी मान वर करून पाहिलं. अबोलीच्या उजव्या हाताला भाजीचं तेल लागलं होतं. तिने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. माहितीबद्दल धन्यवाद, असं स्क्रीनवर आलं.

दोन दिवसांनी त्या नावाखाली लाल अक्षरं उमटली, कायमचे बंद. त्या आठवड्यात सेवाधामचा दक्षिण दिल्लीतला आकडा दुप्पट झाला.

तिने घरी पुष्करला सांगितलं. तो म्हणाला, "मालक लॉगिन करून उघडतो परत, त्यात काय. तू पण ना." ते खरंच होतं. पण मालकाचं लॉगिन गिरिजाच्या जुन्या फोनमध्ये होतं, आणि गिरिजा लग्न होऊन दूर गेली होती, हे अबोलीला माहीत होतं आणि पुष्करला नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला.

"ताई, ओळखलंत का? मुनिरकातून जगताप. पाणी प्यायला होतात बघा."

"हो काका, बोला."

"अहो, फोन वाजायचाच बंद झालाय. या दिवसात मला माणसं पुरत नाहीत, सगळे सुट्टीला गावी जातात, मागे म्हातारी माणसं राहतात. यंदा आठ दिवसांत एक फोन नाही. काल कँटोन्मेंटमधला एक हवालदार आला आणि मला बघून दचकलाच. म्हणाला, साहेब, आम्हाला वाटलं तुम्ही गेलात." ते हसले, पण ते हसणं मध्येच थांबलं. "लाल अक्षरात काहीतरी लिहिलंय म्हणे माझ्या नावाखाली. कुणी लिहिलं असेल हो?"

"बघते, काका," अबोली म्हणाली.

तिने खरोखर प्रयत्न केला. दुकान उघडं आहे असा बदल तिने स्वतःच्या फोनवरून पाठवला. तो नाकारला गेला. पुष्करच्या फोनवरून पाठवला, तोही नाकारला गेला. अकरा जणांनी बंद म्हटलं होतं, एकटीच्या उघडं म्हणण्याला किंमत नव्हती. काकांना तिने फोन केला नाही. त्यांचे दोन येऊन गेले, ते तिने उचलले नाहीत.

त्याच सुमारास कल्पनाने तिच्यावर नवं काम टाकलं. सेवाधामच्या सगळ्या नोंदींवर जो नंबर होता तो अबोलीच्या कंपनीनेच घेतलेला होता आणि तिथून सेवाधामकडे जाणारा प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा. कुठल्या नोंदीवरून कामाचे फोन येतात ते ठरवायला अबोलीने ते ऐकायचे आणि खुणा करायच्या. कामाचा, बिनकामाचा, दुसऱ्यांदा आलेला.

पलीकडून बोलणाऱ्या बाईचा आवाज फार गोड होता. पहिल्या दिवशी अबोलीला बरंच वाटलं. किती बारकाईने विचारतात ही माणसं! घर में और कौन-कौन है? आप कब तक बाहर रहेंगे? पड़ोस में कोई आता-जाता है? माताजी ख़ुद दरवाज़ा खोल लेती हैं? कैमरा लगा हुआ है क्या?

तिसऱ्या दिवशी, चाळीसेक कॉल ऐकून झाल्यावर, तिचा हात माउसवर थांबला. एकाही कॉलमध्ये त्या बाईने आजार विचारला नव्हता. शुगर आहे का, चालता येतं का, औषधं कुठली, काहीच नाही. अबोलीने मागचे कॉल पुन्हा लावले. कॅमेरा आहे म्हणणाऱ्यांना ती बाई गोडव्यानेच सांगायची, की सध्या माणूस उपलब्ध नाही.

तिच्या पाठीवर एसीचा वारा येत होता. तिने उठून ओढणी गळ्याभोवती घेतली आणि कल्पनाच्या केबिनमध्ये गेली. कल्पनाने ऐकून घेतलं.

"काय बोलायचं ते क्लायंट ठरवतो. आपण ट्रॅफिक देतो, वेबसाइटवर माणसं आणतो, अबोली. बस."

"पण कॅमेरा कशाला विचारतात?"

"सेफ्टीसाठी विचारत असतील. तू ना, फार विचार करतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यादीतला पुढचा कॉल लावला. पुरुषाचा आवाज, हिंदी बोलताना मराठी हेल लपत नव्हता. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात नोकरी, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आई ऐंशी वर्षांची, गुडघ्याने अधू. कराडला मोठ्या भावाचं ऑपरेशन होतं म्हणून आठ दिवस जावं लागणार होतं.

"पहले हम जगताप जी से बुलाते थे," तो सांगत होता. "पर वो अब... बंद हो गए."

"बिल्कुल चिंता मत कीजिए, सर. आंटी जी अकेली रहेंगी ना? कैमरा वगैरह?"

"नहीं नहीं, कैमरा नहीं है."

कॉल सहा दिवसांपूर्वीचा होता. अबोलीने तोच नंबर यादीत शोधला. काल दुपारी पुन्हा आला होता. आई फोन उचलत नाही, असं तो म्हणत होता आणि गोड आवाजाने उत्तर दिलं होतं, "आंटी जी सो रही हैं, सर." आणि आज सकाळी आठ वाजता तिसऱ्यांदा. तेच शब्द, तोच सूर. आंटी जी सो रही हैं.

अबोली जिन्यात गेली आणि त्या नंबरवर फोन लावला.

"महेश पाटणकर?"

"बोलतोय. कोण?"

"मी अबोली. तुमच्या आईंकडे जी बाई आहे ना, त्या एजन्सीच्या... कामाशी माझा संबंध आहे. तुमचं आईशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

पलीकडे हॉस्पिटलातला गलका ऐकू येत होता. "परवा... नाही, तेरवा. जीभ जड वाटली तिची. का हो? काही झालंय का?"

"मला माहीत नाही. कुणाला तरी लगेच घरी पाठवा."

"कुणाला पाठवू? शेजारचे सगळे गावी गेलेत. मी अर्ध्या वाटेत असतो तर..." त्याचा आवाज चिरकला. "जगतापकाका असते तर ही वेळच आली नसती. गेले बिचारे."

"ते आहेत," अबोली म्हणाली. "मी त्यांना घेऊन जाते."

वाटेत काकांना केलेला फोन जातच नव्हता, आणि टॅक्सीने मुनिरकाला पोचायला तासाहून जास्त लागला. गल्लीत ऊन तापलं होतं. काका दुकानात बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, समोर फोन उताणा ठेवलेला. तिला पाहून उठले. "या ताई! मला वाटलं तुम्हीही..."

"काका, महेश पाटणकरांची आई. लक्ष्मीबाई नगर. घर ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"द्वारकाबाई? दोन वर्षं माझी बाई होती त्यांच्याकडे."

मग तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फ्लेक्स, टेप, रेकॉर्डिंग, आंटी जी सो रही हैं. आणि शेवटी लाल अक्षरांचंही. आम्ही अकरा जणांनी, म्हणाली, आणि मग दुरुस्त केलं, त्यात मीही.

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"बटण दाबताना माझं नाव वाचलं होतं?"

"हो."

"दुकान चालू आहे हे माहीत होतं."

"हो, काका."

त्यांनी कपाटातून एक छोटी बॅग काढली, बीपीचं यंत्र आत टाकलं, शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर सुरू केली. "बसा मॅडम," म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर जिना संपला तिथे समोरासमोर दोन दारं होती आणि दोन्हींना बाहेरून कुलपं. एक जुनं, धूळ बसलेलं. पाटणकरांच्या दाराचं मात्र नवं कोरं पितळी.

"आजींना घेऊन कुठे गेले की काय?" अबोली पुटपुटली. काकांनी हाताने तिला गप्प केलं आणि दाराला कान लावला. मग मुठीने तीनदा ठोठावलं.

आतून, दाराच्या अगदी जवळून, आवाज आला. खोल गेलेला, बाईचा.

"चाभी हमारे पास नहीं है."

काका दाराशी वाकून हळू बोलू लागले. तिचं नाव फुलमनी होतं, झारखंडहून आलेली. तिला इथे आणून सोडणाऱ्या माणसाने तिचा फोन काढून घेतला होता आणि बाहेरून कुलूप लावलं होतं. एक दिवसाआड येतो म्हणाला होता, पण तीन दिवसांपूर्वी म्हातारीचाही फोन घेऊन गेला तो परत आलाच नाही. बिस्किटं संपली. वीज होती, पण कूलरचा पंप बिघडला होता. खिडकीतून तिने हाका मारल्या, खाली कुणी थांबलं नाही.

"माताजी कैसी हैं?"

"उठती नहीं हैं. गोली दी थी उन लोगों ने. बोले, सुबह दो, शाम को दो, नहीं तो चिल्लाएगी." आवाज फुटला. "हमने कल से नहीं दी, साहब. फिर भी नहीं उठतीं."

काकांचा आवाज एकदम बदलला, फौजेतल्यासारखा झाला. "सुनो. उनके पास जाओ. छाती हिल रही है? देखकर यहीं आओ." पावलं गेली आणि आली. हिल रही है. "अच्छा. करवट पर लिटाओ. मुँह में पानी मत डालना. कपड़ा भिगोकर गर्दन पर, बगल में रखो." आणि मग न वळता, "मॅडम, कुलूप."

अबोली खाली धावली. गार्ड म्हणाला, साहेबांच्या परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. पलीकडे रस्ता खोदणाऱ्या मजुरांकडून तिने पहार मागून आणली. एक मजूर न विचारता तिच्या मागून वर आला. दोघांनी मिळून कडी उचकटली. पहार घसरली तेव्हा तिच्या तळव्याची कातडी सोलली, ते तिला नंतर हॉस्पिटलात कळलं.

दार उघडताच भट्टीसारखी झळ बाहेर आली. काका आत गेले. फुलमनी मात्र बाहेर आली. पस्तिशीची, सुकलेली बाई, ओठांना भेगा पडलेल्या. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि नुसती श्वास घेत राहिली. मग अबोलीकडे पाहून विचारलं, "पुलिस हमको ले जाएगी?"

आतल्या खोलीत द्वारकाबाई कुशीवर पडल्या होत्या. डोळे अर्धे उघडे. हातावर बांगड्यांच्या जागी दोन फिकट वळी, आणि एका मनगटावर काहीतरी कापताना लागल्याची खपली. काकांनी त्यांच्या पापणीखाली पाहिलं, नाडी धरली आणि अॅम्ब्युलन्सचा नंबर अबोलीला तोंडाने सांगितला. ती आकडे दाबत असताना त्यांनी त्या म्हातारीच्या कानाशी वाकून म्हटलं, "आक्का, मी जगताप. आलोय मी."

द्वारकाबाई वाचल्या. सहाव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. पण डावी बाजू गेली होती, आणि महेश उशाशी बसला की त्या त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारायच्या. तो ओ द्यायचा.

पोलिसांनी फुलमनीचा जबाब घेतला. अबोलीनेही दिला. सेवाधामचं मूळ ऑफिस जनकपुरीत आहे, हा पत्ता विक्रांतने पहिल्याच दिवशी दिला होता, बाकीचे सगळे नंतरचे. इतके दिवस अबोली मनाशी म्हणत आली होती की निदान तो एक तरी खरा असणार. पोलिसांसोबत ती तिथे गेली. बंद शटर. चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चौकोनी डाग. जागेचा मालक म्हणाला, मार्चमध्ये एका माणसाने अर्ध्या दिवसासाठी मागितली होती, शूटिंग आहे म्हणाला.

विक्रांतचा फोन बंद होता. वेबसाइट दुसऱ्याच दिवशी गायब झाली. नकाशावरच्या नोंदी मात्र गेल्या नाहीत. आठवड्याभराने अबोलीने सहज म्हणून शोधलं तर त्या तेवीसच्या तेवीस जागा तिथेच होत्या, तेच फोटो, तिनेच काढलेले, तेच तारे. फक्त नाव दुसरं होतं आणि नंबर दुसरा. तिने प्रत्येक नोंदीची तक्रार केली. काहींवर उत्तर आलं, आम्ही तपासतो आहोत.

कल्पनाने तिला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून मागितला. "आणि क्लायंटच्या डेटाला हात लावू नकोस. प्लीज. सगळ्यांची नोकरी जाईल." अबोलीने राजीनामा दिला. डेटा तिने त्याआधीच उतरवून घेतला होता आणि त्याची एक प्रत पोलिसांना दिली होती. ज्यांनी फोन केला आणि ज्यांच्या घरी सेवाधामने माणूस पाठवला, अशी एकसष्ट घरं. पोलीस म्हणाले, बघतो, पण दिल्लीची घरं वेगळी, नोएडा-गाझियाबादची वेगळी, गुरुग्रामची वेगळी, प्रत्येकाचं ठाणं वेगळं.

तिने ती यादी मल्हारीकाकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"ते करतील तेव्हा करतील," म्हणाले. "रविवारी सकाळी या, मॅडम."

रविवारी ती नऊ वाजता पोचली. फुलमनी दुकानातच होती. गावी जायची सोय होईपर्यंत काकांनी तिला ओळखीच्या घरी ठेवलं होतं. तिने चहा केला. अबोली नंबर वाचायची, काका फोन लावून स्पीकरवर ठेवायचे आणि एकच विचारायचे, माताजी, पिताजी कैसे हैं, आज आपने ख़ुद उनसे बात की? एकाने शिव्या घालून फोन ठेवला. एक बाई म्हणाली, सगळं ठीक आहे, आणि मग पाच मिनिटांनी तिचाच फोन आला, की तुम्ही कोण, आणि आई फोन का उचलत नाहीये? इंदिरापुरमचा एक मुलगा रडायला लागला. त्याच्या घरातला अटेंडंट कधीच पळून गेला होता, वडील मात्र सुखरूप होते. गुरुग्रामच्या एका घरी म्हातारीनेच फोन उचलला, खणखणीत आवाजात, आणि बाई फार चांगली आहे म्हणून सांगितलं. काकांनी बाईलाच फोनवर बोलावलं आणि विचारलं, कुलूप कुठल्या बाजूने आहे? मग तिथला पत्ता नीट लिहून घेतला.

दुपारचा एक वाजला. बत्तीस घरं झाली होती, नऊ नावांपुढे काकांनी लाल खूण केली होती. उद्यापासून एकेका घरी जाऊन यायचं त्यांनी ठरवलं. अबोलीने पुढचा नंबर वाचला. रोहिणीतलं घर. रेकॉर्डिंगमध्ये मुलीने सांगितलं होतं की ती परदेशात असते, आईजवळ दुसरं कुणी नाही, कॅमेरा नाही. आईचा नंबर तिने त्याच कॉलमध्ये दिला होता. घराचा नंबर मात्र आवाज तुटल्यामुळे ऐकूच आला नव्हता.

काकांनी मुलीचा फोन लावला. बंद होता. मग आईचा लावला. रिंग जात राहिली आणि आपोआप थांबली. अबोली पेन हातात धरून बसली होती. फुलमनी दारातून आत येऊन भिंतीशी उभी राहिली.

"परत लावतो," काका म्हणाले. "मॅडम, तुम्ही ते रेकॉर्डिंग पुन्हा लावा. पत्त्यातलं काही ऐकू येतंय का बघा."

अबोलीने हेडफोन एकाच कानात घातला. एका कानात ती मुलगी हसत हसत सांगत होती, आई तशी एकटीच असते. दुसऱ्या कानात, टेबलावरच्या स्पीकरमधून, रोहिणीतल्या त्या फोनची रिंग जात होती.